ई२०च्या गोंधळात ‘वॉटर-मेथ’ किट: काम करतं, पण टाकी रिकामी झाल्यावर काय?

२०२५ मध्ये देशभरातल्या पंपांवर २० टक्के इथेनॉलवालं पेट्रोल, म्हणजे ई२०, नेहमीचं झालं आणि गाडीवाल्यांचा राग सोशल मीडियावर उतरला. मायलेज पडलं, पिकअप गेला, जुन्या गाडीचे रबर पार्ट खराब होणार, अशी ओरड सुरू झाली. इथेनॉल नसलेल्या पेट्रोलचा पर्याय पंपावर मिळावा म्हणून केलेली जनहित याचिका सुप्रीम कोर्टाने १ सप्टेंबर २०२५ला फेटाळली.

जिथे तक्रार तिथे उपाय विकणारे येतातच. ऑक्टेन बूस्टरच्या बाटल्या आल्या, १०० ऑक्टेन पेट्रोलची चर्चा वाढली. आणि टर्बो पेट्रोल गाडी घेतलेल्या पोरांच्या फीडमध्ये आणखी एक नाव दिसायला लागलं: वॉटर-मेथनॉल इंजेक्शन, बोलीभाषेत ‘वॉटर-मेथ किट’. इंजिनात पाणी आणि मिथेनॉल फवारायचं, गाडी थंड राहते, पॉवर वाढते, असा दावा.

मी व्यवसायाने सॉफ्टवेअर इंजिनियर, त्यामुळे सवयीने पहिला प्रश्न पडतो की ही सिस्टीम चालते तेव्हा काय करते यापेक्षा बंद पडते तेव्हा काय होतं? वॉटर-मेथच्या बाबतीत सगळा खेळ याच प्रश्नात आहे. पण आधी विज्ञान बघू, कारण ते खोटं नाहीये.

हे नेमकं करतं काय?

टर्बो म्हणजे हवा दाबून इंजिनात भरणारा पंखा. हवा दाबली की ती तापते. सायकलच्या टायरमध्ये हवा भरताना पंप गरम होतो, तसंच. आता नागपूरचा मे महिना धरा, बाहेर ४५ अंश. टर्बोने १ बारचा बूस्ट दिला तर साध्या हिशोबाने त्यातून बाहेर पडणारी हवा १४० अंशांच्या आसपास पोचते. इंटरकूलर ती बरीच थंड करतो, पण इंटरकूलरवर येणारी हवाच ४५ अंशांची असेल तर त्यालाही मर्यादा आहे.

इंजिनात गरम हवा गेली की पेट्रोल-हवेचं मिश्रण स्पार्कच्या ज्वाळेची वाट न बघता ठिकठिकाणी स्वतःच पेटायला लागतं. मेकॅनिक याला ‘इंजिन नॉक मारतंय’ म्हणतात. नॉक सेन्सरला ते कळलं की गाडीचा कॉम्प्युटर, म्हणजे ईसीयू, स्पार्क उशिरा टाकतो. इंजिन वाचतं, पॉवर कमी होते. उन्हाळ्यात दुपारी घाटात गाडी ‘मरगळल्यासारखी’ वाटते, त्यामागचं एक कारण हे.

यावर उपाय तोच, जो माठ आणि डेझर्ट कूलर करतात. पाण्याची वाफ होताना ते आजूबाजूची उष्णता ओढून घेतं. १ किलो पाण्याची वाफ व्हायला सुमारे २,२५७ किलोज्यूल उष्णता लागते. मिथेनॉलला साधारण १,१०० आणि पेट्रोलला जेमतेम ३५०. इंजिनात जाणाऱ्या हवेत पाण्याचे बारीक तुषार सोडले की हवा थंड होते, नॉक टळतो, आणि स्पार्क पुन्हा वेळेवर टाकता येतो. मिथेनॉल पाण्यापेक्षा लवकर उडून जातं, त्याचं ऑक्टेन जास्त असतं आणि ते स्वतः जळतंही. म्हणून दोन्ही मिसळतात, बहुतेक वेळा निम्मं-निम्मं.

कल्पना नवी नाही

दुसऱ्या महायुद्धात जर्मन लढाऊ विमानांमध्ये ‘एमडब्ल्यू ५०’ नावाची हीच सिस्टीम होती: निम्मं मिथेनॉल, जवळपास निम्मं पाणी आणि गंज लागू नये म्हणून थोडंसं तेल.

कारमध्ये ती आली १९६२ला. अमेरिकेच्या जनरल मोटर्सने ‘ओल्ड्समोबाइल जेटफायर’ ही टर्बोवाली गाडी काढली: ३.५ लिटरचं व्ही८ इंजिन आणि २१५ हॉर्सपॉवर. इंजिनाचं कॉम्प्रेशन १०.२५ होतं, टर्बोसाठी तेव्हाच्या मानाने भलतंच जास्त. नॉक टाळायला कंपनीने मिथेनॉल-पाण्याची वेगळी टाकी दिली आणि त्या द्रवाला झोकात नाव दिलं ‘टर्बो-रॉकेट फ्लुइड’. लोक टाकी भरायला विसरायचे. पण कंपनीने त्याची तजवीज आधीच केली होती. टाकी रिकामी झाली की एक झडप आपोआप बूस्ट कमी करायची. गाडी मंद व्हायची, इंजिन शाबूत राहायचं. गिऱ्हाईक मात्र ‘गाडीत दम नाही’ म्हणून वैतागायचं. शेवटी कंपनीने टर्बो काढून साधा कार्बोरेटर बसवून द्यायची सोय केली.

त्यानंतर २०१६ मध्ये बीएमडब्ल्यूने एम४ जीटीएस या ७०० गाड्यांच्या मर्यादित मॉडेलमध्ये बॉशची वॉटर इंजेक्शन सिस्टीम दिली. ताकद साध्या एम४च्या ४३१ वरून ५०० पीएसवर गेली. त्यात मिथेनॉल नव्हतं, फक्त डिस्टिल्ड वॉटर. डिकीत ५ लिटरची टाकी. आणि पाणी संपलं तर ईसीयू स्वतःच बूस्ट आणि स्पार्क मागे घेतो.

दोन्ही गाड्यांमध्ये ५० हून जास्त वर्षांचं अंतर आहे, पण दोन्ही ठिकाणी इंजिनियरांनी ‘टाकी रिकामी’ ही परिस्थिती कधीतरी येणारच असं धरून डिझाइन केलं. बाजारातल्या स्वस्त किटमध्ये नेमकं हेच गायब असतं.

ई२०चा त्रास याने जातो का?

तीन दावे वेगवेगळे तपासू.

*‘मायलेज परत येतं.’* नाही. १ लिटर पेट्रोलमध्ये साधारण ३२ मेगाज्यूल ऊर्जा असते, १ लिटर इथेनॉलमध्ये २१. त्यामुळे ई२०च्या एका लिटरमध्ये शुद्ध पेट्रोलपेक्षा ६-७ टक्के ऊर्जा कमीच भरते. नीती आयोगाच्या २०२१च्या अहवालातही इथेनॉलविरहित पेट्रोलसाठी बनलेल्या जुन्या चारचाकींसाठी ६-७ टक्के आणि ई१०साठी बनवून ई२०ला जुळवलेल्या गाड्यांसाठी १-२ टक्के घट सांगितली आहे. वॉटर-मेथ किट ही ऊर्जा भरून काढत नाही. शिवाय किट फक्त जोरात बूस्ट असताना फवारतं. सिग्नल ते सिग्नल आणि ८०च्या क्रूझिंगला, म्हणजे मायलेज जिथे ठरतं तिथे, पंप बंदच असतो.

*‘गंज आणि रबर खराब होणं थांबतं.’* उलटं आहे. ॲल्युमिनियम आणि काही प्रकारच्या रबरांच्या बाबतीत मिथेनॉल इथेनॉलपेक्षा जास्त आक्रमक आहे. एका अल्कोहोलची भीती वाटते म्हणून दुसरं, जास्त तिखट अल्कोहोल गाडीत आणण्यात काही अर्थ नाही.

*‘नॉक कमी होतो, उन्हाळ्यात पॉवर टिकते.’* हे खरं आहे, पण टर्बो गाडीसाठी. गंमत म्हणजे ई२० स्वतःच थोडंसं हेच काम करतं. सरकारच्या म्हणण्यानुसार बीएस६चं ९१ ऑक्टेन ई२०मुळे ९५ पर्यंत गेलं आहे. इथेनॉलची वाफ होतानाही बरीच उष्णता ओढली जाते. तुमच्या गाडीत डायरेक्ट इंजेक्शन असेल तर पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये उडतं आणि ते आतली हवा आधीच थंड करतं. म्हणजे जुन्या गाड्यांवरचे अमेरिकन व्हिडिओ जेवढा फायदा दाखवतात, तेवढा इथे उरलेलाच नसतो. साध्या, टर्बो नसलेल्या गाडीत तर या किटचा विषयच सोडा.

थोडक्यात, हे किट जास्त बूस्ट मागणाऱ्या रिमॅपसाठी आहे. ई२०च्या तक्रारीवरचं औषध म्हणून ते विकणारा तुम्हाला फसवतोय.

किटमध्ये काय येतं आणि कुठे बसतं?

शेतात पाठीवर घेऊन फवारणी करायचा बॅटरीवाला पंप पाहिला असेल. तत्त्व तेच: १२ व्होल्टचा डायफ्राम पंप, नळी आणि नोझल. फरक दाबात आणि मटेरियलमध्ये आहे. इथे पंप १० ते १५ बार दाब देतो, म्हणजे कारच्या टायरमधल्या हवेच्या पाच-सहा पट. फवारणी पंपाचं रबर आणि सील मिथेनॉलसाठी बनलेले नसतात, त्यामुळे तो जुगाड करू नका.

- टाकी: डिकीत किंवा बॉनेटखाली, एक्झॉस्टपासून लांब. केबिनमध्ये वाफ येणार नाही अशी बंद आणि बाहेर श्वास घेणारी.
- नोझल: इंटरकूलरच्या नंतर, थ्रॉटल बॉडीच्या आधी. हवा मोजणारा सेन्सर याच्या आधी असायला हवा. ओले तुषार त्यावर बसले तर रीडिंग चुकतं.
- सोलेनॉइड व्हॉल्व्ह: नोझलच्या अगदी जवळ. हा नसेल तर पंप बंद असतानाही इंजिनाची ओढ टाकीतलं पाणी हळूहळू आत खेचते. पावसाळ्यात तुंबलेल्या रस्त्यावर गाडी घातली की इंजिनात पाणी जाऊन कनेक्टिंग रॉड वाकतात, तो ‘हायड्रोलॉक’ घरच्या पार्किंगमध्येही होऊ शकतो.
- कंट्रोलर: बूस्ट किती आहे ते बघून फवारा कमी-जास्त करणारा. नुसता चालू-बंद स्विच कमी बूस्टला जास्त पाणी टाकतो आणि गाडी अडखळते.
- रिले आणि फ्यूज: पंपाला बॅटरीतून वेगळी लाइन, फ्यूज बॅटरीच्या जवळ. हेडलाइटच्या वायरीतून टॅप नको.

किती फवारायचं, याचा अंदाज काढू. चाकणला बनणाऱ्या गाड्यांमधलं १ लिटरचं, ११५ पीएसचं टर्बो इंजिन पूर्ण ताकदीला मिनिटाला साधारण ५७० मिली पेट्रोल पितं (दर किलोवॅट-तासाला ३०० ग्रॅम धरून). फवारा पेट्रोलच्या १० ते २० टक्के ठेवतात. १५ टक्के म्हणजे मिनिटाला ८५ मिली. ४ लिटरची टाकी पूर्ण थ्रॉटलवर पाऊण तास पुरेल. रस्त्यावर सलग पूर्ण थ्रॉटल काही सेकंदच असतं, म्हणून टाकी आठवडे चालते. आणि आठवडे चालते म्हणूनच ती विसरली जाते.

टाकी संपली तर?

नुसतं किट बसवून पॉवर फारशी वाढत नाही. पॉवर येते ती नंतरच्या रिमॅपमधून. ट्यूनर ‘पाणी फवारलं जाणारच’ असं धरून बूस्ट वाढवतो आणि स्पार्क पुढे आणतो. सॉफ्टवेअरच्या भाषेत तुमचा अख्खा कोड आता एका बाहेरच्या सर्व्हिसवर अवलंबून आहे. ती सर्व्हिस म्हणजे अर्ध्या मिलिमीटरपेक्षाही लहान भोक असलेलं नोझल.

ते भोक चोंदलं, पंप जळला, नळी सुटली किंवा टाकी संपली, तरी रिमॅपला त्याचा पत्ता नसतो. तो जोरात बूस्ट देतच राहतो. नॉक सेन्सर थोडं सांभाळतो, पण त्याच्या आवाक्याबाहेर गेलं की पिस्टनच्या कडा तुटायला काही सेकंद पुरतात. डॅशबोर्डवर लाल दिवा लागेल, असं विकणारा सांगेल. ओव्हरटेक करताना त्या दिव्याकडे कोण बघणार?

म्हणून फेलसेफ नीट समजून घ्या. टाकीतला लेव्हल सेन्सर फक्त पाणी आहे का ते सांगतो. प्रेशर स्विच पंप चालतोय का ते सांगतो, पण नोझल चोंदलं तरी तो खूशच असतो, कारण दाब उलट वाढतो. खरी माहिती फ्लो सेन्सर देतो: प्रवाह कमी म्हणजे नोझल चोंदलं, जास्त म्हणजे नळी फुटली. आणि सेन्सरने नुसतं सांगून भागत नाही. त्याने स्वतःच बूस्ट कंपनीच्या पातळीवर आणला पाहिजे किंवा ईसीयूला सुरक्षित मॅपवर टाकलं पाहिजे.

आमच्या कामात चालवून न पाहिलेल्या बॅकअपला कोणी बॅकअप म्हणत नाही. इथेही तेच. बसवून देणाऱ्याला सांगा, कमी बूस्टवर नळीचा प्रवाह मुद्दाम बंद कर आणि गाडी खरंच बूस्ट कापते का ते मला दाखव. तो ‘गरज नाही भाऊ’ म्हणाला तर तिथूनच परत या.

देखभाल: दर महिन्याचं काम

- पेट्रोल भरताना दर वेळी टाकीची पातळी बघा.
- फक्त डिस्टिल्ड वॉटर वापरा, बॅटरीत घालतो ते. बोअरच्या पाण्याचे क्षार किटलीत जसे साचतात तसे नोझलमध्ये साचतात. आरओचं पाणीही पूर्ण क्षारमुक्त नसतं.
- मिश्रणाचं प्रमाण बदलू नका. ट्यून ज्या प्रमाणावर झालं तेच ठेवा.
- फिल्टर आणि नोझल काढून साफ करा. नोझल मापाच्या भांड्यात एक मिनिट फवारून बघा. आकडा पहिल्या दिवशी लिहून ठेवलेल्या आकड्याशी जुळला पाहिजे.
- नळीचे जोड, सील आणि टाकीखालची ओल तपासा. मिथेनॉलने रबर फुगतं.
- ब्लूटूथ ओबीडी डोंगल आणि फोनवरचं ॲप वापरून आत जाणाऱ्या हवेचं तापमान आणि स्पार्क टायमिंग लॉग करा. पूर्वीपेक्षा टायमिंग मागे यायला लागलं तर काहीतरी बिनसलंय.
- गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर टाकी आणि नळी रिकामी करा.

आणखी एक. अमेरिकन व्हिडिओत ‘निळं वॉशर फ्लुइड टाका’ असं सांगतात. तिकडे कडाक्याच्या थंडीत गोठू नये म्हणून त्यात मिथेनॉल असतं. आपल्याकडे वॉशर फ्लुइड म्हणजे बहुतेक साबणाचं पाणी. ते टाकलं तर पंपात फेस होईल आणि नोझल चोंदेल. युरोपात तर ग्राहकांना विकल्या जाणाऱ्या वॉशर फ्लुइडमधलं मिथेनॉल २०१९ पासून ०.६ टक्क्यांवर मर्यादित आहे. कारण पुढे येतंच.

मिथेनॉल म्हणजे विष

जून २०१५ मध्ये मुंबईत मालाडच्या मालवणीत विषारी दारूने १०० हून जास्त माणसं गेली. त्या दारूत मिथेनॉल होतं. शरीरात गेल्यावर त्याचं फॉर्मिक ॲसिड होतं आणि ते आधी डोळ्यांच्या नसेवर हल्ला करतं. १० मिली, म्हणजे दोन चमचे, पोटात गेलं तरी कायमचं अंधत्व येऊ शकतं. ते कातडीतून आणि श्वासातूनही शरीरात जातं.

दिसायला ते पाण्यासारखं आणि वासाला दारूसारखं असतं. पाण्याच्या किंवा कोल्ड्रिंकच्या बाटलीत भरून घरात ठेवलं तर काय होऊ शकतं ते वेगळं सांगायला नको. त्याची आग दिवसाउजेडी जवळजवळ दिसत नाही, आणि निम्मं पाणी घातलेलं मिश्रणही पेट घेतं. मालवणीसारख्या घटनांमुळेच त्याची विक्री आणि साठवण परवान्याखाली येते. ‘मी कॅन घरपोच पाठवतो, बिल नको’ म्हणणाऱ्याकडून घेतलं तर तुम्हीही अडकता.

चुकून कोणाच्या पोटात गेलं तर त्रास दिसायची वाट बघू नका. लक्षणं कित्येक तासांनी येतात. लगेच मोठ्या हॉस्पिटलला न्या आणि डॉक्टरांना ‘मिथेनॉल’ हा शब्द स्पष्ट सांगा. वेळेत पोचलं तर यावर उतारा आहे.

कायदा, वॉरंटी, विमा

सीएनजी किटला मान्यता आणि आरसीवर नोंद करायची रीतसर पद्धत आहे. वॉटर-मेथ किटसाठी नियमांत असा रस्ताच नाही. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ कंपनीने दिलेल्या मूळ रचनेत बदल करायला मर्यादा घालतं. २०१९च्या दुरुस्तीत आलेल्या कलम १८२-अ नुसार परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलाला ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं.

रिमॅप केला की इंजिनाची वॉरंटी गेली असंच धरा. विमा कंपनीला बदल न कळवता अपघात किंवा आग झाली तर क्लेम नाकारायला त्यांच्या हातात कारण मिळतं. डिकीत ज्वालाग्राही द्रवाची टाकी सापडल्यावर वाद घालायला फार जागा उरत नाही.

मग करायचं काय?

गाडी रोजची असेल, हप्ते चालू असतील आणि तक्रार फक्त ई२०ची असेल तर हे किट घेऊ नका. त्याच पैशात चांगले स्पार्क प्लग, साफ इंटरकूलर, वेळेवर ऑइल आणि जुन्या गाडीत ई२०ला चालणाऱ्या फ्युएल लाइन होतील. उन्हाळ्यातला फरक त्यातूनही जाणवेल.

गाडी ट्रॅकसाठी वेगळी ठेवली असेल आणि खर्च माहीत असेल, तर आधी फक्त डिस्टिल्ड वॉटरवर चालणारी सिस्टीम बघा. आपल्याकडे बहुतेक ठिकाणी पाणी गोठायची भीती नाही, थंडावा पाणी मिथेनॉलपेक्षा जास्त देतं, आणि घरात विष आणावं लागत नाही. बीएमडब्ल्यूनेही पाण्यावरच काम भागवलं. पॉवर थोडी कमी वाढेल, ते चालेल. फ्लो सेन्सर आणि बूस्ट कापणारा फेलसेफ मात्र त्यातही लागतोच.

ग्रुपमध्ये कोणी या किटची लिंक टाकली तर त्याला किंमत आणि हॉर्सपॉवर विचारण्याआधी एवढंच विचारा: टाकी रिकामी झाल्यावर गाडी स्वतः काय करते? उत्तर ‘लाइट लागते’ असेल, तर तो सौदा सोडून द्या.